सभागृह बंद, कचेरी चालू

सरकार बंद पडणे, ज्याला वर्तमानपत्रे ‘शटडाउन’ म्हणतात, ही घटना मराठी वाचकाच्या ओळखीच्या इतर सगळ्या ‘बंदां’हून वेगळी आहे. पक्ष पुकारतात तो बंद बाजारपेठेचा असतो, कर्मचारी करतात तो संप, आणि मालक लावतो ती टाळेबंदी. १९७७-७८ साली महाराष्ट्राच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी चौपन्न दिवसांचा संप केला किंवा मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस कचेऱ्या ओस पाडल्या, तेव्हा तिजोरीत पैसा होता आणि तो खर्च करायला विधिमंडळाची मंजुरीही होती. नव्हता तो टेबलामागचा माणूस. शटडाउनमध्ये माणूस कामावर यायला तयार असतो, पैसाही असतो, पण तो खर्च करण्याची कायद्याने दिलेली परवानगी ठरल्या तारखेला संपलेली असते आणि ती वाढवून देणारे लोकप्रतिनिधी आपसांत भांडत बसलेले असतात. या भांडणाची किंमत अमेरिकेत कोण मोजतो आणि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, कोण मोजतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी खर्चाची विधेयके, निदान जुन्याच दराने काही आठवडे खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव, संमत करून अध्यक्षाची सही घ्यावी लागते. मंजुरीवाचून खर्च करण्यास बंदी घालणारा कायदा तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. परंतु मंजुरी लांबली म्हणून कार्यालयेच बंद ठेवण्याची रीत १९८० आणि १९८१ साली तत्कालीन महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावल्यानंतर रूढ झाली. तेव्हापासून नाक दाबले की तोंड उघडते हा हिशेब दोन्ही पक्षांनी केलेला आहे. १९९५-९६ साली अध्यक्ष क्लिंटन आणि सभापती गिंगरिच यांच्या वादात सरकार दोनदा मिळून सव्वीस दिवस, २०१३ साली आरोग्यविम्याच्या कायद्यावरून सोळा दिवस, २०१८-१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीच्या पैशावरून पस्तीस दिवस, आणि २०२५ साली १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत त्रेचाळीस दिवस बंद राहिले. भांडण नेहमी दोन पक्षांतच असते असेही नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी सभापती केविन मॅकार्थी यांनी विरोधकांची मते घेऊन तात्पुरता ठराव संमत केला आणि शटडाउन टाळला. तीनच दिवसांनी त्यांच्याच पक्षाच्या आठ सदस्यांनी विरोधकांच्या साथीने त्यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी पदावरून खाली खेचले. मतदानाने पदच्युत झालेले ते अमेरिकेच्या इतिहासातले पहिले सभापती ठरले.

या बंदची झळ सोलापूर जिल्ह्यातल्या घरांपर्यंतही पोचते. २०२५ च्या बंदमध्ये तिथल्या श्रम खात्याने परदेशी कामगारांसाठी लागणाऱ्या वेतन-दाखल्यांचे काम सुरुवातीचे काही आठवडे थांबवले. हा दाखला नसेल तर नोकरीच्या ‘एच-वन-बी’ व्हिसाचा नवा अर्ज पुढे सरकत नाही, आणि व्हिसाचे अर्ज हाताळणारे खाते अर्जदारांच्या शुल्कावर चालत असल्यामुळे उघडे असूनही त्याचा उपयोग होत नाही. मुलगा अमेरिकेत आणि आईवडील अक्कलकोट तालुक्यात अशा घराला तिथल्या पक्षांच्या भांडणाचा अर्थ असा कळतो.

भारतात असे का घडत नाही, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ च्या तिसऱ्या खंडानुसार एकत्रित निधीतून, म्हणजे करांचा आणि कर्जाचा सगळा पैसा जिथे जमा होतो त्या खात्यातून, कायद्यावाचून एक रुपयाही काढता येत नाही. हा कायदा म्हणजे विनियोजन अधिनियम. तो राज्यात अनुच्छेद २०४ खाली विधिमंडळ करते, आणि संपूर्ण अर्थसंकल्पावरील चर्चा ३१ मार्चपूर्वी आटोपली नाही तर अनुच्छेद २०६ खाली काही महिन्यांपुरती आगाऊ मंजुरी, म्हणजे लेखानुदान, देता येते. मंत्रिमंडळ बहुमतावर उभे असल्याने ज्या मंत्रिमंडळाला खर्चाची मंजुरी मिळत नाही ते राहतच नाही. त्याच्या जागी दुसरे येते किंवा निवडणूक होते, आणि तोवर लेखानुदानावर कारभार चालतो. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांचे कार्यकाल एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे दोघेही आपापल्या जागी राहून एकमेकांना वर्षानुवर्षे अडवू शकतात.

हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पक्षांचे भांडण भारतातही तितकेच विकोपाला जाते, आणि त्याची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते. अमेरिकेत सभागृह भांडले की कचेरीला कुलूप लागते. भारतात सभागृह भांडले की कुलूप सभागृहालाच लागते आणि कचेरी चालू राहते. पगार होतात, गाड्या धावतात, दाखले मिळतात. थांबते ती खर्चावरची चर्चा. ती थांबल्याने त्या दिवशी कोणाची चूल विझत नाही, आणि म्हणूनच हे नुकसान लोकांच्या ध्यानात येत नाही.

या रीतीचे मूळ शोधताना नागपूरला जावे लागते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली, म्हणजे पोलीस, महसूल, न्याय यांसारखी ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे ठेवली आणि शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी ‘सोपीव’ खाती कायदेमंडळातून निवडलेल्या मंत्र्यांकडे दिली. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाने ही व्यवस्था आतून बंद पाडण्यासाठी १९२३ ची निवडणूक लढवली. नागपुरात भरणाऱ्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेमंडळात या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. तिथे डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखालील स्वराज्यवाद्यांनी मंत्रिपदे नाकारली, इतरांतून नेमलेल्या मंत्र्यांवर अविश्वास दाखवला, आणि मार्च १९२४ मध्ये खर्चाच्या मागण्या फेटाळून मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये इतका खाली आणला. मंत्री गेले. मराठी भाषक लोकप्रतिनिधींनी हेतुपूर्वक, जाहीर करून आणि नियमांच्या चौकटीत राहून सरकारचा पैसा रोखल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

तरी सरकार बंद पडले नाही. कायद्याने गव्हर्नरला दोन हत्यारे दिलेली होती. राखीव खात्याचा फेटाळलेला खर्च ‘आवश्यक’ आहे असे प्रमाणपत्र देऊन तो करता येत असे, आणि आणीबाणीत कोणतेही खाते चालवण्यापुरता खर्च स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येत असे. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी ती दोन्ही वापरली आणि सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. मंजुरी नाकारून स्वराज्य पक्षाने जे सिद्ध केले ते फार मोलाचे होते, कारण सुधारणांच्या नावाने दिलेले अधिकार पोकळ आहेत हे जगाला दिसले. परंतु शाळा, दवाखाने आणि नगरपालिका या विषयांवर लोकांच्या प्रतिनिधींची जी थोडीफार सत्ता होती, तीही गव्हर्नरकडे गेली. कचेरी तीच राहिली, तिच्यावर देखरेख करणारे सभागृह तेवढे बाजूला पडले.

फूट त्यानंतर पडली, आणि ती पडण्याचे कारण हेच होते. अडवणुकीने सरकार थांबत नसेल तर अडवणूक किती काळ करायची, या प्रश्नावर स्वराज्य पक्षाची मराठी शाखा दिल्ली-अलाहाबादच्या नेतृत्वापासून दुरावू लागली. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी त्याचा कडक निषेध केला, न. चिं. केळकर, बॅ. मुकुंदराव जयकर आणि खुद्द मुंजे यांनी मात्र टिळकांच्या ‘प्रतियोगी सहकारिते’च्या भूमिकेचा आधार घेतला, जिचा अर्थ सरकार जितके देईल तितके वापरायचे आणि उरलेल्यासाठी लढायचे असा होतो. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकारवाद्यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. इतिहासकारांनी या फुटीचा दोष बहुधा व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेवर टाकला आहे, आणि तांब्यांच्या बाबतीत तो सर्वस्वी निराधार नाही. पण ज्या सभागृहाच्या नकाराला काहीही परिणाम नसतो त्या सभागृहात पक्ष फार काळ एकसंध राहू शकत नाहीत, हेही त्या घटनेत दिसते. शत्रूशी लढून काही हाती लागत नाही असे झाले की माणसे एकमेकांशी लढतात.

प्रांतांच्या तिजोरीचा अभ्यास त्याच काळात एक मराठी अर्थशास्त्रज्ञ करीत होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील इंग्रजी ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गव्हर्नरच्या राज्यातल्या सभागृहाच्या मर्यादा त्यांना जवळून दिसल्या. १९३५ च्या कायद्यातही खर्चाची अनुसूची शेवटी गव्हर्नरच्या सहीनेच प्रमाणित होत असे, तिचा कायदा होत नसे. घटनेच्या मसुद्यात ही पद्धत उतरली होती. १९४९ च्या जूनमध्ये ती काढून तिच्या जागी विनियोजन विधेयकाची तरतूद घालण्याची सूचना आंबेडकरांनी मांडली आणि घटना समितीने स्वीकारली. तपशील तांत्रिक वाटतो, पण नागपूरच्या अनुभवाला दिलेले ते उत्तर आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मंजुरीचा कागद आता गव्हर्नरच्या टेबलावर तयार होणार नव्हता, तो सभागृहातच तयार होणार होता.

सभागृहाच्या नकाराला वजन आल्यावर सभागृह बसूच न देणे हा डाव शिल्लक राहिला, आणि तो पंजाबात १९६८ साली खेळला गेला. संयुक्त आघाडीतून फुटून काँग्रेसच्या पाठिंब्याने मुख्यमंत्री झालेले लछमनसिंग गिल आणि विधानसभेचे अध्यक्ष जोगिंदरसिंग मान यांचे उघड वैर होते. मान यांच्यावर अविश्वासाचा ठराव येऊ घातला असताना ७ मार्चला सभागृहात गोंधळ झाला आणि त्यांनी बैठक दोन महिन्यांसाठी तहकूब केली. अर्थसंकल्प मंजूर झालेला नव्हता आणि ३१ मार्चला चोवीस दिवस उरले होते. तहकुबी टिकली असती तर १ एप्रिलपासून पंजाब सरकारला एक पैसाही काढता आला नसता. भारतात शटडाउन येणे एवढे जवळ आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

राज्यपाल होते डी. सी. पावटे, बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले गणितज्ञ, जुन्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू. मराठी आणि कन्नड दोन्ही प्रदेशांत हयात काढलेल्या या माणसाचे नाव अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीसारख्या सीमेवरच्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात आवर्जून सांगावे असे आहे. त्यांनी ११ मार्चला अधिवेशन संस्थगित केले, म्हणजे ते औपचारिकरीत्या संपवले आणि त्याबरोबर तहकुबीही संपली. १३ मार्चला अनुच्छेद २०९ चा आधार घेऊन वटहुकूम काढला की आर्थिक कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या बहुमतावाचून बैठक तहकूब करता येणार नाही. १८ मार्चला विधानसभा पुन्हा बोलावली. मान यांनी हे सगळे बेकायदा ठरवून पुन्हा तहकुबी जाहीर केली आणि ते निघून गेले. उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि त्याच दिवशी विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै १९६८ रोजी सत्यपाल डांग खटल्यात ती वैध ठरवली. पावटे यांनी केले ते त्या परिस्थितीत योग्यच होते, कारण एका पक्षाच्या सोयीसाठी साऱ्या राज्याचा पगार आणि औषधपाणी अडवण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही. तरीही दिसले ते असे की अर्थसंकल्पाचा प्रश्न सुटला आणि अर्थसंकल्पावरची चर्चा झालीच नाही.

पुढची उदाहरणे याच वळणाने जातात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, आणि ज्या पक्षांनी ते पाडले त्यांनीच काही दिवसांत त्याचा अर्थसंकल्प चर्चेवाचून संमत होऊ दिला. लोकसभा २६ एप्रिलला विसर्जित झाली. देशाचे व्यवहार अडू न देण्याचा तो शहाणपणा होता, आणि अमेरिकी काँग्रेसने त्याचा धडा घ्यावा. १८ मार्च २०१६ रोजी उत्तराखंडात सत्ताधारी पक्षाच्या नऊ बंडखोर आमदारांनी विनियोजन विधेयकावर मतमोजणी मागितली, अध्यक्षांनी ते आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले, दहाच दिवसांत राष्ट्रपती राजवट आली आणि राज्याच्या खर्चासाठी वटहुकूम काढावा लागला. महाराष्ट्रातही १९८० च्या फेब्रुवारीत पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार बरखास्त झाल्यावर ३१ मार्च राष्ट्रपती राजवटीत आला, आणि राज्याच्या खर्चाची मंजुरी मुंबईत न होता दिल्लीच्या संसदेत झाली.

अशा संकटांत चर्चा सोडून देणे समजण्यासारखे आहे. चिंता वाटते ती संकट नसताना सोडलेल्या चर्चेची. ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र मताला टाकण्याच्या पद्धतीला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. २३ मार्च २०२३ रोजी दोन्ही बाजूंच्या गोंधळात लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च एका खात्यावरही चर्चा न करता या पद्धतीने मंजूर केला. महाराष्ट्रात पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पात नसलेला किंवा अपुरा पडलेला खर्च वर्षाच्या मध्ये मंजूर करून घेण्याची तरतूद, अशा फुगल्या आहेत की जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात ७५,२८६ कोटी रुपयांच्या मागण्या मांडल्या गेल्या. सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पावर मार्चमध्ये चर्चा करायची आणि त्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढा खर्च पुढच्या नऊ महिन्यांत थोड्या दिवसांच्या अधिवेशनांतून न्यायचा, असे झाले की मूळ चर्चेला काय अर्थ उरतो? ज्यांची बिले कोषागारात अडकतात, ज्यांना ‘तरतूद आहे, निधी नाही’ असे उत्तर मिळते, त्या ठेकेदारांचा आणि अनुदानाची वाट पाहणाऱ्या संस्थांचा शटडाउन या राज्यात हप्त्याहप्त्याने होतच असतो. त्याला तारीख नसते, म्हणून त्याची बातमी होत नाही.

सभागृहाला लागलेले कुलूप सर्वांत दीर्घ काळ दिसले ते मात्र गावपातळीवर. अनुच्छेद २४३ यू नुसार नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे बंधनकारक आहे. ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठी तिहेरी कसोटी घालून दिली, त्यानंतर आरक्षण, प्रभागरचना आणि सदस्यसंख्या यांवर पक्षांनी कायदे बदलले, पुन्हा बदलले, न्यायालयात गेले आणि थांबले. दुधनी, अक्कलकोट आणि मैंदर्गी यांच्यासह राज्यातल्या शेकडो नगरपरिषदांवर प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर त्या वर्षाच्या डिसेंबरात मतदान झाले. मधल्या सुमारे चार वर्षांत नळाला पाणी आले, जन्मदाखले मिळाले, घरपट्टीच्या मागणीची बिलेही आली. अनेक ठिकाणी अंदाजपत्रक मांडणारा मुख्याधिकारी आणि ते मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती. विषयपत्रिकेवर विरोध नोंदवणारा नगरसेवक नव्हता, इतिवृत्तात प्रश्न नव्हता. ही राजवट फुकटही पडली नाही, कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाला लोकनियुक्त मंडळ असण्याची अट होती आणि तिच्यामुळे राज्यातल्या अनेक स्थानिक संस्थांचा निधी अडकून राहिला.

नव्या मंडळांच्या रचनेत एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जातो आणि नगरसेवक प्रभागांतून वेगळे निवडले जातात, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे अशी स्थिती येऊ शकते. मुंबईच्या विधानभवनात न येणारी, पण वॉशिंग्टनला नेहमीची असलेली ही कोंडी महाराष्ट्रात कुठे उभी राहू शकत असेल तर ती दुधनीसारख्या गावाच्या सभागृहात. जकात १९९९ साली रद्द झाल्यापासून अशा नगरपरिषदांचा पगार बराचसा राज्याच्या सहायक अनुदानावर होतो, म्हणून कोंडी झाली तरी कचेरी बंद पडणार नाही. मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी ती चालवतील, आणि दोन्ही गट एकमेकांना दोष देत बाहेर राहतील. हे टाळायचे असेल तर दोन्ही गटांना एकत्र बसवणारे काम हाताशी आहे. प्रशासकाच्या काळातली सगळी अंदाजपत्रके, त्यांतली प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च, ठेकेदारांची देणी, पाणीपट्टीची थकबाकी आणि अडकलेल्या अनुदानांची यादी अंदाजपत्रकाच्या सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक सदस्याच्या हाती पडावी, तिची प्रत नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लावली जावी, आणि त्या एका विषयासाठी दिवसभराची सभा ठेवून तिथे बाजार समितीतल्या हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत ज्याला ऐकायचे असेल त्याला बसायला जागा मिळावी.